जीप रुपरावांची, इंजिन भावनाताईंचं

प्रताप नगरात आमच्या गल्लीत कोणी पत्ता विचारत आलं, की चौकातला पानवाला सांगायचा, ‘जीपवाल्या गजभियेंच्या घरावरून डावीकडे वळा.’ रुपराव गजभियेंना हे ठाऊक होतं आणि ते त्यांना फार आवडायचं. संध्याकाळी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले, की वळणारी माणसं आपल्या घराकडे एकदा पाहून मगच वळतात, हे ते मला मुद्दाम दाखवायचे.

रुपराव पाटबंधारे खात्यात कारकून होते. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना साहेबांसोबत दौऱ्यावर जावं लागे. साहेब पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला. रुपराव मागे आडव्या बाकावर, मांडीवर फायलींचा गठ्ठा घेऊन. कच्च्या रस्त्यावर पुढच्यांना वारा लागायचा आणि मागच्याला धूळ. साइटवर उतरताना साहेब जसेच्या तसे असत आणि रुपरावांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. पुढे खात्याने जुन्या जीपा लिलावात काढल्या, तेव्हा रुपरावांनी नेमकी तीच घेतली. घरात फ्रिज यायच्या आधी जीप आली. पहिल्या रविवारी ते अंबाझरीपर्यंत एकटेच गेले आणि एकटेच आले. मागच्या बाकावर त्यांनी कोणालाही बसवलं नाही.

ती जीप गल्लीच्या कामालाही यायची. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गावोगावहून लोक येतात, त्यांच्यासाठी आमच्या गल्लीचं जेवण जायचं ते त्याच जीपमधून. भाताची पातेली मागे, रुपराव चाकावर, पांढरा शर्ट, पांढरी पँट. त्या दिवशी त्यांच्याशी बोलायलाही लोकांना थांबावं लागे.

मग एका मे महिन्यात रामटेकहून येताना पाणी कमी पडलं, इंजिन तापलं आणि त्याच्या मुख्य ओतीव भागालाच चीर गेली. पेट्रोलचं तसलं जुनं इंजिन मिळेना. मेकॅनिक यायचे, बोनेट उचलायचे, पाडायचे आणि चहा पिऊन जायचे. जीप अंगणात ताडपत्रीखाली गेली. ‘पुढच्या हिवाळ्यात बनवतो,’ असं रुपराव म्हणायचे. असे बरेच हिवाळे गेले. ताडपत्री दोनदा बदलली.

त्यांच्या पत्नी भावनाताई रेल्वेत होत्या. आम्हा सगळ्यांना एवढंच माहीत होतं. ‘मिसेस रेल्वेत आहेत,’ असं रुपराव सांगायचे, आणि ऐकणारा समजायचा की ऑफिसात असतील. रुपराव त्याचा समज तसाच राहू द्यायचे. खरं म्हणजे भावनाताई डिझेल शेडमध्ये होत्या. त्यांचे वडील तिथे खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार होते. ते नोकरीत असतानाच वारले आणि त्यांच्या जागी ही मुलगी लागली. झाडू आणि तेल पुसायचा कापूस उचलण्यापासून सुरुवात करून त्या रेल्वे इंजिनांचे डिझेल पंप खोलून दुरुस्त करणाऱ्या कारागीर झाल्या. घरी येताना मात्र साडी बदलून, हात घासून यायच्या. शेजारच्या बायकांना त्यांच्या नखांचा काळा रंग दिसायचा. कोणी विचारलं नाही.

त्या निवृत्त झाल्या, मुलगी नंदिनी आधीच लग्न होऊन चंद्रपूरला गेलेली. थोडे दिवस भावनाताईंनी कपाटं आवरली. कपाटं संपली. मग एका सकाळी रुपराव चहा घेत पोर्चमध्ये बसले असताना त्यांनी ताडपत्री ओढून काढली आणि बोनेट उचललं.

‘‘याच्यात डिझेल बसवलं तर?’’

‘‘काय बसवलं तर?’’

‘‘डिझेल इंजिन. हे आता भंगार आहे.’’

‘‘अवं, ही जीप आहे. रेल्वे नाही.’’

‘‘मले फरक माहीत आहे,’’ भावनाताई म्हणाल्या.

रुपराव हसले आणि म्हणाले, ‘‘बसव.’’ पुढे त्यांनीच मला सांगितलं, की हे होणार नाही याची खात्री होती, म्हणून ते हो म्हणाले. जे स्वतःला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते बायको करेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. इंजिन बदलाच्या अर्जावर मालकाची सही लागते, तीही त्यांनी हसत हसत केली.

भावनाताईंनी चंद्रभानला फोन लावला. हा त्यांच्याच शेडमधला खरादी, लेथवर लोखंड कातणारा, आदल्या वर्षी निवृत्त झालेला. ऑटोमोटिव्ह चौकाजवळ एका टिनाच्या खोलीत त्याने स्वतःची लेथ टाकली होती. दोघं उमरेडच्या बसने गेले आणि संध्याकाळी एक मालवाहू ऑटो घेऊन आले. ऑटोत दोरीने बांधलेलं एक जुनं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. कोळशाच्या खाणीच्या बाजूला चालून चालून मोडीत निघालेल्या गाडीतलं. त्याच्या प्रत्येक खाचेत काळी भुकटी भरली होती. भावनाताईंनी पोर्चमध्ये वर्तमानपत्रं पसरली आणि ते तिथेच खोलून मांडलं. रुपरावांची चहाची खुर्ची उचलून फाटकाजवळ ठेवली.

‘‘माही खुर्ची?’’

‘‘थोडे दिवस तिकडं बसा न जी. इथं रॉकेल उडते.’’

पोर्चच्या सावलीत इंजिन आणि उन्हात ते. रुपरावांना पहिल्यांदा काहीतरी टोचलं ते तेव्हा. पण हे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं, म्हणून ते बसले उन्हात.

जुनं इंजिन काढलं त्या रविवारी गल्लीतले बरेच जण जमले. लोखंडी पाइपांची तिकाटी उभी करून तिला चेन-पुली लटकवली होती. माणसं जमली म्हणजे रुपरावांची गोष्ट सुरू व्हायचीच. साहेब, दौरा, धूळ, लिलाव. आम्ही ती अनेकदा ऐकलेली होती, तरी ऐकायचो, कारण ते सांगायचे छान. त्या दिवशी ते लिलावापर्यंत आले आणि साखळी करकरली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. इंजिन जीपच्या पोटातून हळूहळू वर आलं. भावनाताई एका हाताने साखळी ओढत होत्या आणि दुसऱ्या हाताने ते डोलणारं धूड थोपवत होत्या. कपाळाला पदर घट्ट बांधलेला. कोणीतरी म्हणालं, ‘‘वा ताई.’’ इंजिन खाली टेकल्यावर लोक त्याभोवती उभे राहिले. रुपरावांची गोष्ट लिलावातच राहिली. नंतर कोणी विचारलं नाही की पुढे काय झालं.

नवीन इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची भोकं एकमेकांशी जुळत नव्हती. दोघांच्या मध्ये बसेल अशी जाड लोखंडी चकती करावी लागणार होती. तिची मापं घेताना भावनाताई आणि चंद्रभान जीपखाली पाठीवर पडून तासन्‌तास बोलत. वरून फक्त चार पाय दिसत आणि मधूनच हसण्याचा आवाज येई. रुपराव फाटकाजवळून विचारायचे, ‘‘काय झालं?’’ आतून उत्तर यायचं, ‘‘काही नाही जी, शेडमधलं आठवलं.’’

एके दिवशी चंद्रभान ती चकती पोत्यात गुंडाळून घेऊन आला. फाटकातूनच म्हणाला, ‘‘उस्ताद, पाहा बरं जमली का.’’

रुपरावांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

‘‘उस्ताद कोण?’’

‘‘भावनाताई न जी. शेडमध्ये सारे हेच म्हणत. लहान-मोठे सारे. तुमाले माहीत नाही?’’

रुपरावांना माहीत नव्हतं. आपल्या बायकोला बाहेर एक नाव आहे आणि ते शेकडो माणसांच्या तोंडात आहे, हे त्यांना लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर एका खराद्याने सांगितलं. जेवताना त्यांनी विषय काढला.

‘‘हे उस्ताद कधीपासून?’’

‘‘झाले बरेच वर्ष.’’

‘‘मले सांगितलं नाही.’’

‘‘सांगितलं होतं. ज्या दिवशी पहिल्यांदा म्हणले, त्याच दिवशी सांगितलं. तुमी म्हणले, आज वरणात मीठ नाही.’’

रुपरावांना तो दिवस आठवेना. पण आपण असं म्हणालो असू, याबद्दल त्यांना शंकाही वाटेना. 

त्यानंतर त्यांनी जीपमध्ये स्वतःचंही काही असावं म्हणून खटपट सुरू केली. सीटांना नवीन मरून रंगाची कव्हरं आणली. बोनेटवर लावायला पितळी अशोकचक्र आणलं. फोनवर इंजिन बदलण्याचे व्हिडिओ पाहून ठेवले. एकदा जेवणाआधी मोठ्या गांभीर्याने म्हणाले, ‘‘डिझेल इंजिन वजनदार असते. समोरच्या स्प्रिंगच्या कमानीत एक पाटा वाढवा लागते.’’

‘‘हो. कालच टाकला,’’ भावनाताई म्हणाल्या आणि त्यांना भाकरी वाढली.

भावनाताईंचंही सगळंच बरोबर येत होतं असं नाही. इंजिन बसवून जीप पहिल्यांदा ढकलली, तेव्हा फाटकाच्या उंबऱ्यावर ती जराशी उसळली आणि खालून ठण्णकन आवाज आला. इंजिनाच्या तळाचा तेलाचा डबा पुढच्या आसावर आदळत होता. रेल्वेच्या इंजिनात असा प्रश्नच नसतो, त्यामुळे दोघांच्याही हे लक्षात आलं नव्हतं. सगळं परत काढावं लागणार होतं. चंद्रभान डोक्याला हात लावून बसला. भावनाताई आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी रुपराव आमच्याकडे आले. इतके खुशीत मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. ‘‘मी म्हणलंच होतं,’’ म्हणाले. ‘‘रेल्वे वेगळी, जीप वेगळी.’’ माझ्या बायकोने केलेल्या सांबारवडीचे आणखी दोन तुकडे त्यांनी मागून घेतले. घरी गेल्यावर भावनाताई अंधाऱ्या पोर्चमध्ये त्या इंजिनाशेजारी बसलेल्या दिसल्या, तेव्हा आपल्याला आनंद झालाय याची त्यांना लाज वाटली. पण आनंद गेला नाही, हेही त्यांनी मला सांगितलं. ‘‘लाज बी वाटून राहिली होती अन् बरं बी वाटून राहिलं होतं. दोनी संगच.’’

बरं वाटणं फार टिकलं नाही. भावनाताईंनी तो डबा कापून, एका बाजूने उथळ करून जोडून आणला. इंजिन पुन्हा चढलं. मग डिझेलची नळी आली, मोठा रेडिएटर आला आणि एका सकाळी गल्ली पुन्हा जमली. नळीतली हवा काढताना भावनाताईंच्या बोटांवरून डिझेल ओघळत होतं. त्यांनी चंद्रभानला मान हलवून खूण केली, त्याने किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, गप्प झालं, पुन्हा खोकलं आणि मग पकडलं. पांढरा धूर सगळ्या गल्लीत पसरला, समोरच्या देशमुखांनी खिडक्या लावून घेतल्या. धूर विरला तेव्हा जीप थरथरत उभी होती. जुना आवाज मऊ होता, शिलाई मशीनसारखा. हा जाड होता, छातीत वाजणारा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावनाताईंनी तोंडावरचा घाम खांद्याला पुसला आणि हसल्या. त्यांना टाळ्या आवडल्या, हे अगदी उघड दिसत होतं. त्यांनी ते लपवलंही नाही.

पुढच्याच आठवड्यात रुपराव पानठेल्यावर उभे असताना कोणीतरी पत्ता विचारायला आलं. पानवाला चुना लावता लावता म्हणाला, ‘‘जीपवाल्या बाईच्या घरावरून डावीकडे.’’ रुपरावांनी पान न घेताच घर गाठलं.

बातमी गल्लीबाहेरही गेली. शहरात जुन्या जीपांचा नाद असलेली काही मंडळी आहे, रविवारी रानावनात गाड्या नेणारी. त्यांतला सौरव म्हणून एक तरुण, सिव्हिल लाइन्समध्ये राहणारा, दोन मित्रांना घेऊन जीप पाहायला आला. रुपरावांनी पुढे होऊन हात मिळवला. सौरवने नम्रपणे हात मिळवला आणि विचारलं, ‘‘काकू आहेत का?’’

तो रविवार होता. रुपरावांनी सकाळीच ठरवलं होतं की आज जीप आपण चालवायची. भावनाताई म्हणाल्या होत्या, ‘‘थांबा, दोन गोष्टी सांगते. हे पेट्रोलसारखं नाही.’’ ते म्हणाले होते, ‘‘तू शेडमध्ये होती तेव्हापासून ही गाडी मी चालवून राहिलो.’’ सौरव आणि मित्र, चंद्रभान, आम्ही शेजारी, सगळे फाटकाशी उभे. रुपराव पांढरा शर्ट घालून चाकावर बसले. दोन गल्ल्या फिरून आले. येताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. ते मागच्या बाकावरचे रुपराव नव्हते, पुढचे साहेब होते. घरासमोर त्यांनी ब्रेक लावला, ऐटीत किल्ली फिरवली आणि काढून हातात घेतली.

इंजिन चालूच राहिलं.

त्यांनी किल्ली परत घातली, फिरवली, काढली. इंजिन चालूच. त्यांनी ब्रेक दाबला, गिअर हलवला, खाली वाकून पाहिलं. कोणीतरी फिसकन हसलं, मग दोघं-तिघं. रुपराव किल्ली हातात धरून बसले होते आणि त्यांच्याखाली ती गाडी धडधडत होती. थोड्या वेळाने भावनाताई शांतपणे पुढे आल्या, त्यांच्या गुडघ्याजवळून हात आत घातला आणि एक दट्ट्या ओढला. इंजिन गप्प झालं.

‘‘साहेब, डिझेल किल्लीनं झोपत नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याचं डिझेल बंद करा लागते.’’

सगळे हसले. सौरवही हसला, पण वाईट हेतूने नाही. जाताना तो रुपरावांच्या हातात आपलं कार्ड देऊन म्हणाला, ‘‘काका, कधी विकायची असली तर मला आधी सांगा. काकूंनी केलेली गाडी आहे, मी डोळे मिटून घेईन.’’

दुसऱ्या दिवशी भावनाताई भाजी घ्यायला गेल्या असताना रुपरावांनी त्याला फोन केला.

बायकोला त्यांनी चहाच्या वेळी सांगितलं. तिने रडावं, भांडावं, कप आपटावा अशी त्यांची तयारी होती. तिने असं काही केलं, की आपण म्हणू, ‘गाडी माझ्या नावावर आहे.’ हे वाक्य त्यांनी मनात घोळवून ठेवलं होतं. भावनाताईंनी चहा संपवला. बशी कपाखाली नीट ठेवली.

‘‘कधी नेणार आहे तो?’’

‘‘शनिवारी.’’

‘‘मंग क्लच थोडा कसून देते. सैल आहे.’’

एवढंच. ते वाक्य रुपरावांच्या तोंडातच राहिलं.

शनिवारी भावनाताईंनी सौरवला सगळं समजावून दिलं. थंडीत आधी कोणतं बटण दाबून इंजिन तापू द्यायचं, चढावर कसं चालवायचं, तेल कधी पाहायचं. सौरव वहीत लिहून घ्यावं तसा ऐकत होता. त्याचा एक मित्र म्हणाला, ‘‘काकू, माझी पण एक पडलीय. शहराबाहेर, वाडीला शेड आहे आमची. कराल का?’’ भावनाताईंनी रुपरावांकडे पाहिलंही नाही. ‘‘करीन,’’ म्हणाल्या.

सोमवारपासून त्या डबा घेऊन सकाळच्या बसने वाडीला जाऊ लागल्या, जशा पूर्वी शेडला जायच्या. चंद्रभान तिथेच यायचा. रुपरावांना पोर्च परत मिळाला, खुर्ची परत मिळाली. ते सावलीत बसायचे. समोर जिथे जीप होती तिथे तेलाचा काळा डाग आणि चार चाकांच्या जागी फिकट जमीन. बायकोला दुखवायला त्यांनी जे केलं, त्याने तिचं काहीच अडलं नव्हतं. उलट आता ती जिथे जात होती तिथे त्यांची खुर्चीही नव्हती. पूर्वी निदान त्यांच्या डोळ्यांसमोर हसत होती. आता कोणत्या गोष्टीवर हसत असेल, याचा ते दुपारभर विचार करायचे.

एकदा फुटाळ्याच्या रस्त्यावर त्यांना मागून तो आवाज आला. वळून पाहायच्या आधीच त्यांनी ओळखला. सौरव चालवत होता, शेजारी एक मुलगी, बहुधा त्याची बायको, केस वाऱ्यावर. मरून कव्हरं तशीच होती, बोनेटवर अशोकचक्र तसंच. सिग्नलला लोक माना वळवून पाहत होते. रुपरावांनी स्कूटर बाजूला घेतली आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले. आतापर्यंत बायकोचा हेवा होता, चंद्रभानचा होता; आता या पोराचाही झाला. घरी येऊन त्यांनी त्याला फोन केला, जीप परत देशील का म्हणून. सौरवने फार आदराने नाही म्हटलं.

दसरा आला. गल्लीचं जेवण दीक्षाभूमीला न्यायला टेम्पो बोलावला होता. पातेली चढवताना म्हातारे चहांदे गुरुजी म्हणाले, ‘‘काहून जी गजभिये, जीप कुठं गेली?’’ रुपराव म्हणाले, ‘‘विकली.’’ गुरुजी म्हणाले, ‘‘चालू झाल्यावर विकली? बंद असताना नाही विकली?’’ त्यांनी सहज विचारलं होतं. रुपराव टेम्पोच्या मागे भाताच्या पातेल्यांना धरून बसले आणि दीक्षाभूमीपर्यंत तसेच गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावनाताई वाडीहून लवकर आल्या. मागच्या अंगणात नळाखाली कपडे धुवायच्या पावडरीने हात घासत होत्या. रुपराव दारात येऊन उभे राहिले.

‘‘भावना, मी जीप काहून विकली, तुले माहीत आहे का?’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘काहून?’’

‘‘विकली तुमी. तुमीच सांगा.’’

रुपरावांना वाटलं होतं ती सांगेल आणि आपण मान खाली घालू. ते सोपं होतं. आता स्वतःच बोलणं भाग होतं.

‘‘लोक तुह्याकडं पाहून राहिले होते,’’ ते म्हणाले. ‘‘माह्याकडं कोणी पाहत नव्हतं. मले जलन होत होती.’’

‘‘चंद्रभानची?’’

‘‘त्याची बी. त्याच्या त्या लेथची बी. तुहे पाय जीपखालून दिसत अन् तू हसत होती, त्याची बी.’’

भावनाताई हात घासत राहिल्या. फेस काळा होऊन मोरीत जात होता. मग नळ बंद करून म्हणाल्या, ‘‘त्या रविवारी इंजिन बंद होत नव्हतं न. मी जवळच उभी होती. लगेच ओढू शकत होती तो दट्ट्या.’’

‘‘मंग?’’

‘‘नाही ओढला. लोक हसत होते, हसू दिलं. मले मजा येऊन राहिली होती.’’

रुपराव दारातून उतरून मोरीजवळ आले.

‘‘एवढे वर्ष मिसेस रेल्वेत आहेत, मिसेस रेल्वेत आहेत,’’ भावनाताई म्हणाल्या. ‘‘एक दिवस शेडमध्ये आले नाही तुमी. घरच्या लोकांले दरवर्षी बोलावत. साऱ्यांचे नवरे, बायका, पोरं येत. नंदिनी बी आली एकदा. तुमी रविवारी जीप पुसत बसत. मी म्हणली, बसू दे आता किल्ली हातात घेऊन.’’

त्यांनी पदराला हात पुसले.

‘‘विकली त्याचं नाही वाटलं मले. मले विचारलं नाही, त्याचं वाटलं. जीप तुमची होती. पण माहे हात होते त्याच्यात.’’

‘‘सौरवले परत मागितली मी. नाही देत म्हणते.’’

‘‘मी बी नसती दिली,’’ त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

माफी त्या दिवशी कोणी मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही. पण त्यानंतर रुपराव अधूनमधून वाडीला जाऊ लागले. पहिल्या दिवशी तिथे पोचले तेव्हा चंद्रभान, ‘‘उस्ताद, साहेब आले,’’ असं म्हणाला आणि त्यांना पुन्हा तेच टोचलं. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, आता तरी गेलं असेल. ते म्हणाले, ‘‘कायचं जाते. ती पाना मागते तो त्याले मागते. मले म्हणते, पंख्याखाली बसा.’’

मात्र त्यांना तिथे एक काम मिळालं. ज्यांच्या गाड्या होत्या त्यांना इंजिन बदलाचे कागद जमत नव्हते. अर्ज परत येत, सह्या चुकीच्या जागी असत. रुपरावांचं सगळं आयुष्य कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेण्यात गेलेलं. ते आरटीओत जाऊन बसू लागले, तिथल्या कारकुनांशी कारकुनासारखे बोलू लागले. एक-दोघांचं काम झालं. लोक आभार मानत, पण फोटो मात्र भावनाताईंसोबतच काढत. रुपराव मला ते फोटो फोनवर दाखवायचे. सगळे दाखवायचे, एकही न वगळता, आणि प्रत्येक फोटोत मागे कुठेतरी आपण कसे अर्धवट आलो आहोत, तेही दाखवायचे.

गेल्या महिन्यात तिघं कामठीला गेले होते. तिथल्या एका जुन्या मोटारींच्या गोदामात डिझेल इंजिन असल्याचं चंद्रभानला कळलं होतं. मीही सोबत होतो, माझं तिकडे दुसरं काम होतं म्हणून. गोदामाच्या समोर चहाची टपरी आहे. रुपरावांनी चहा सांगितला. तो येईपर्यंत भावनाताई आणि चंद्रभान आत गेले. रस्त्यावरून दिसत होतं, दोघं एका इंजिनावर वाकले होते. भावनाताईंनी हाताने ते फिरवून पाहिलं, काहीतरी बोलल्या, चंद्रभान हसला. रुपराव ग्लास हातात धरून तिकडे एकटक पाहत होते.

‘‘अहो,’’ भावनाताईंनी आतून हाक मारली. ‘‘इकडं या न. याचा नंबर वाचता येते का पाहा, तुमाले पुसट अक्षरं वाचायची सवय आहे.’’

रुपराव लगेच उठले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ग्लासाकडे. फुंकर मारून, घोट घोट करत चहा संपवला, ग्लास टपरीवाल्याला परत दिला, खिशातून चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. आणि मग रस्ता ओलांडून आत गेले.